वरच्या हिरडीतली गाठ

येरमाळा,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

ती. मच्छिंद्रदादास,
चांगुणाचा जयभीम.

तुमचं कार्ड येऊन पंधरा दिस झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. सकाळी पाझर तलावाच्या कामावर जावं लागतं. दिसभर माती व्हायची, घरी आलं की हातात पेन धरवत न्हाय. सासूबाई संगं येतात. बाभळीला झोळी बांधून पोरीला सांभाळतात, म्हणून माझं निभतंय.

तुमचे दाजी छावणीवर हायत. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली. चेअरमन तात्यारावांनी यांना चारा वाटायला ठेवून घेतलं. आपली दोन्ही बैलं तिथंच बांधली हायत. बैलांच्या बरगड्या मोजता येतात, पर उभी हायत.

पोरीचं नाव महानंदा ठेवलं. नंदा म्हणतो. तीन महिन्याची झाली. दूध नीट वढत न्हाय. तोंडात घेती नि सोडून रडती. बाकी बरी हाय.

तुमी जयंतीला गावाकडं येतो म्हणून लिवलं. एवढ्यात येऊ नका. आडाला पाणी न्हाय, तुमचे हाल व्हतील. पाऊस पडल्यावर या.

तुमची धाकटी,
चांगुणा


मुंबई,
ता. १९ फेब्रुवारी १९७३

चि. चांगू,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून मन लागेना. तू दिवसभर माती वाहतेस आणि पोटात काय जातं कोण जाणे. आईच्या अंगावर दूध नसेल तर पोर रडणारच. कामावर सुकडी मिळते ना? ती घरात वाटून टाकू नकोस, तू खा. गावाकडं निघालेल्या एका माणसाबरोबर दूध पावडरीचे दोन डबे पाठवले आहेत. पाणी उकळून, गार करून त्यात कालव.

इकडे माझं तेच चालू आहे. डॉक्टरांनी रोग्याच्या गाठीतून काढलेला तुकडा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आला की मेणात बसवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप करायचे, रंगवून काचेवर लावायचे. मग आमच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघून रोग कोणता ते लिहितात. सात वर्षं झाली, हात बसला आहे.

एक विचारतो. पाण्याचे हाल मला नवे नाहीत. मग येऊ नका असं का लिहिलंस? दाजींचं काही मनात आहे का? माझं काही चुकलं असेल तर सरळ सांग.

तुझा,
मच्छिंद्र


येरमाळा,
ता. ४ मार्च १९७३

ती. दादास,
चांगुणाचा जयभीम.

डबे पोचले. दादा, मला दूध कमी न्हाय. पिळून टाकावं लागतं. म्या तुमच्यापासून लपवलं.

नंदीच्या वरच्या हिरडीत, पुढच्या बाजूला गाठ आली हाय. आधी हरभऱ्याएवढी व्हती. महिन्यात लिंबाएवढी झाली. निळी-काळी हाय, पिकल्या जांभळागत. वरचा ओठ उचलून नाकाला लागलाय. तोंडात आचळ मावत न्हाय. म्या दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्यानं घालते. एका वाटीला सकाळ जाती.

त्या गाठीतून एक वाकडा दात बाहीर आला हाय. तिसऱ्या महिन्यात वरचा दात आला म्हणून सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, वरचा दात आधी आला की मामाला जड, मामानं पोरीचं तोंड बघायचं न्हाय. म्या चौथी शिकले, मला कळतंय हे खरं नसावं. पर आई-आबा गेल्यावर मला तुमी एकच हाव. तुमाला काही झालं तर म्या कुणाकडं बघू? म्हणून येऊ नका म्हणलं.

परवा आमी तिला बार्शीला नेलं. डॉक्टरनं तोंडात बॅटरी धरून बघितलं नि म्हणाले, काळा कॅन्सर हाय, दोन महिने बी निघायचे न्हाईत, घरी न्या. बाहीर आल्यावर हे एस्टी स्टँडवर बसून राहिले. येरमाळ्याच्या दोन गाड्या गेल्या तरी उठले न्हाईत.

आता तुमाला सांगितलं. जे वाटेल ते लिवा.

चांगुणा


मुंबई,
ता. ९ मार्च १९७३

चि. चांगू,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं, उभ्या उभ्याच लिहितो आहे.

आबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे जुने देव टोपल्यात भरून बाहेर काढले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. टोपल्याला तूसुद्धा हात लावला होतास. मला काही होत नाही. पोरीचं तोंड मी बघणार आहे, सगळ्यांच्या आधी मीच बघणार आहे. सासूबाईंना माझा जयभीम सांग आणि त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी तुझ्या भावाचीच काळजी केली.

बार्शीच्या डॉक्टरांनी नुसत्या डोळ्यांनी बघून सांगितलं. अशा गोष्टी डोळ्यांनी ठरत नाहीत. तुकडा काढून काचेवर बघावा लागतो. साधी गाठ असावी, असं मला वाटतं. लहान पोरांना अशा गाठी होतात.

दाजींना घेऊन लगेच नीघ. येडशीला छोटी गाडी पकड, कुर्डुवाडीला उतर, तिथून मुंबईची मोठी गाडी. मी दादरच्या फलाटावर उभा असेन. वाटी, कापूस आणि उकळलेल्या पाण्याची बाटली जवळ ठेव. छावणीचं काम सुटेल याचा विचार करू नका. तात्यारावांना हे पत्र दाखव, ते नाही म्हणणार नाहीत.

मच्छिंद्र


मुंबई,
ता. २ मे १९७३

चि. चांगू,
आशीर्वाद.

तुम्ही पोचल्याचं दाजींचं कार्ड मिळालं. येडशीपर्यंत घ्यायला तात्यारावांनी जीप पाठवली हे वाचून बरं वाटलं.

तू इथं असताना तोंडानं सांगता आलं नाही ते आता लिहितो. साधी गाठ असावी असं मी तुला लिहिलं ते खोटं होतं. तुझ्या पत्रात निळी-काळी वाचलं तेव्हाच माझ्या मनात कॅन्सर आला होता. डॉक्टर महांतप्पांनी गाठीचा तुकडा काढला, तो माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कुणाला देता आला असता, पण माझ्याइतका बारीक काप तिथं कुणी करत नाही, म्हणून मीच बसलो. काच दुर्बिणीखाली धरली. काळा रंग भरलेल्या पेशी दिसल्या. एवढी वर्षं काचा लावतो, काळ्या पेशी म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी काच मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि मागच्या जिन्यात जाऊन रडलो. मग तोंड धुऊन वॉर्डात आलो आणि तुला म्हणालो, अजून काही कळलं नाही.

तीन दिवस मॅडम काही लिहीनात. जाड जाड पुस्तकं काढून बसल्या. चौथ्या दिवशी मला बोलावलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. काळ्या पेशींच्या मधे दुसऱ्या बारीक गोल पेशींचे पुंजके होते, ते मी घाबरून नीट बघितलेच नव्हते. त्या म्हणाल्या, "हा कॅन्सर नाही. ही गाठ वर्षाच्या आतल्या मुलांना होते, फार क्वचित होते. मी आजवर पुस्तकातच वाचली होती. पूर्ण काढली तर मूल जगतं."

डॉक्टर महांतप्पा आपल्याकडचेच, उमरग्याच्या बाजूचे, म्हणून तुझ्याशी गावच्या बोलीत बोलायचे. त्यांनी मला पुढचं सगळं सांगितलं आहे. गाठीबरोबर वरच्या जबड्याचा पुढचा भाग काढावा लागला, त्यातले चार दातांचे कोंब गेले. तिथं दुधाचे दात येणार नाहीत आणि पक्केही येणार नाहीत. चार-पाच वर्षांची झाली की कवळी बसवता येईल आणि ती वाढेल तशी बदलावी लागेल. पहिलं वर्ष धोक्याचं. राहिलेल्या हाडात गाठ पुन्हा उगवू शकते. दर आठवड्याला उन्हात धरून हिरडी बघत जा. काळा ठिपका दिसला तर एक दिवसही थांबू नकोस.

ऑपरेशननंतर तुला दोन दिवस ताप होता, पोरीजवळ जाता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. दाजींनी नळीनं दूध घालायचं छान शिकून घेतलं. आता तब्येत सांभाळ.

तुझा,
मच्छिंद्र


येरमाळा,
ता. २६ जून १९७३

ती. दादास,
चांगुणाचा जयभीम.

पाऊस झाला. छावणी मोडली, बैलं घरी आणली. हे पेरणीच्या मागं हायत.

नंदी आता चमच्यानं पिती. नाचणीची पेज गिळती. ओठ खाली आला, पर मधी बसल्यागत दिसतो. कामावरच्या बाया बघायला येतात. कुणी हळहळतात, कुणी पोरीची जात म्हणून पुढचं विचारतात. म्या उत्तर देत न्हाय. सासूबाई मात्र देतात. परवा एकीला म्हणाल्या, "तिचं लगीन तुला करायचं न्हाय." दाताचं त्यांनी परत काढलं न्हाय. तुमी येणार म्हणलं की शेण काढायच्या आधी अंगण झाडतात.

दादा, तुमी लपवलं ते वाचलं. म्या तुमच्यावर रागावले न्हाय. मला बी काही सांगायचं व्हतं, ते ऱ्हाऊ द्या.

चांगुणा


येरमाळा,
ता. ३ ऑक्टोबर १९७३

ती. दादास,

हिरडीत डाव्या अंगाला काळा ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा. काल न्हवता असं वाटतं, पर खात्री न्हाय. काढणीचे दिस हायत, तरी आमी उद्याच्या गाडीनं निघतो. हे पत्र तुमाला आमच्या मागनं मिळेल. तरी लिवते, म्हंजे पोस्टात टाकल्यावर माझं मन मागं फिरायचं न्हाय.

चांगुणा


मुंबई,
ता. १२ जानेवारी १९८०

चि. चांगू,
आशीर्वाद आणि जयभीम.

नंदाची नवी कवळी बसली का? जुनी टोचत होती तर आधी कळवायचं होतंस. दुसरीत तिचा नंबर कितवा आला तेही लिही. दुसऱ्यांदा कापल्याला सहा वर्षं झाली. पुन्हा काही आलं नाही, म्हणून डॉक्टर महांतप्पांनी तिचा कागद आता वर्षातून एकदाच्या यादीत टाकला आहे.

एक काम सांगतो. अवघड आहे, नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

मागच्या महिन्यात अणदूरहून एक बाळ आलं होतं. पाच महिन्यांचा मुलगा. नंदाला होती तीच गाठ, त्याच जागी. काच मीच लावली आणि या वेळी मला बघताक्षणी कळलं. बापाचं नाव बलभीम, आईचं सत्यभामा. शेतीवाली माणसं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, जबडा किती काढावा लागेल तेही खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. पोराला घेऊन निघून गेले. जाताना आजी कस्तुराबाई सिस्टरला म्हणाली, तोंड कापून पोर जगवण्यापेक्षा आहे तसं घरी जाऊ द्या.

त्यांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. गाठ रोज वाढते आहे. आणखी महिना गेला तर नाकापर्यंत आणि डोळ्याखाली जाईल, मग डॉक्टरांच्याही हातात फार राहणार नाही. माझं बोलणं ते ऐकणार नाहीत. त्यांनी नंदाला बघितलं तर कदाचित ऐकतील.

तिकडचं वातावरण मला माहीत आहे. दीड वर्षापूर्वी विद्यापीठाच्या नामांतरावरून आपल्या लोकांवर काय गुदरलं ते तू डोळ्यांनी बघितलंस. त्या घरात तुला कसं वागवतील सांगता येत नाही. नंदासमोर काही वेडंवाकडं बोलले तर ती पोर काय समजेल, याचाही विचार कर. दाजींशी बोल आणि मग ठरव.

मच्छिंद्र


येरमाळा,
ता. २९ जानेवारी १९८०

ती. दादास,
चांगुणाचा जयभीम.

जाऊन आले. सगळं लिवते, पत्र लांबेल.

हे सकाळी दूध सोसायटीत मापाला असतात. म्हणाले, संगं येतो. म्या नको म्हणलं. गडीमाणूस दारात उभा राहिला की दोन्हीकडनं शब्द वाढतात. सासूबाईंनी नंदीची वेणी घातली. तुळजापूरपर्यंत एक एस्टी, तिथनं नळदुर्गची दुसरी. अणदूरला उतरून घर विचारलं.

दारात कस्तुराबाई व्हती. कुण्या गावच्या, कुणाच्या, म्हणून विचारलं. म्या सांगितलं, येरमाळ्याच्या, जयभीमवाल्या, मुंबईच्या दवाखान्यातले मच्छिंद्र माझे भाऊ. ती म्हणाली, "मग तिथंच थांबा." आमी अंगणात लिंबाखाली उभ्या राहिलो. तिनं उंबरा वलांडला न्हाय. म्हणाली, "पोराचं नशीब आमी बघून घेऊ, तुमी उन्हाचं कशाला आलाव?" बोलणं वाईट न्हवतं, पर परत जा असंच व्हतं. नंदीनं माझं बोट घट्ट धरलं. मला वाटलं, वळावं नि एस्टी धरावी.

तेवढ्यात आतून सत्यभामा आली. बावीस-तेवीसची असंल. कडंवर पोर, त्याच्या तोंडावर पदर टाकलेला. ती सासूच्या बाजूनं सरळ अंगणात उतरली, माझ्यापुढं उभी राहिली नि पदर बाजूला केला. दादा, म्या सात वर्षांनी ती गाठ बघितली. पोरानं माझ्याकडं बघितलं. डोळे चांगले टपोरे हायत.

ती नंदीकडं बघत राहिली. म्या नंदीला म्हणलं, दाखव. नंदीनं कवळी काढून हातात घेतली नि तोंड उघडलं. सत्यभामा खाली बसली, आपलं बोट लुगड्याला पुसलं नि नंदीच्या वरच्या हिरडीवरनं हळू फिरवलं, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मग विचारलं, भाकर खाता येती का. नंदी म्हणाली, "बाजूच्या दातानं खाती. ऊस तेवढा सोलून द्यावा लागतो." कवळी न्हवती म्हणून शब्द जरा फुसके आले, पर तिला समजले.

मग ती माझ्याकडं वळून हळू म्हणाली, "कापल्यावर पोर तुमाला वळखायचं का?"

दादा, याच्यासाठी तिनं गाडी धरून पोर माघारी आणलं व्हतं. नशीब-बिशीब न्हाय. तिला भ्या हेच व्हतं.

म्या तिला खरं सांगितलं, ते तुमाला कधी सांगितलं न्हाय. त्या येळी मला ताप न्हवता. ऑपरेशन करून नंदीला खाटंवर आणलं, तोंड सुजलेलं, नाकात नळी, मधी बोळा भरलेला, रगत. म्या बघितलं नि माझ्या मनात आलं, ही माझी पोर न्हाय. माझी त्यांनी आत ठेवून घेतली, ही दुसरीच दिली. म्या सिस्टरला म्हणलं मला कणकण हाय, नि बाहीर जिन्यात जाऊन बसले. दोन दिस बसले. यांनी दूध घातलं, यांनी लंगोट बदलले. म्या उठले न्हाय. ती मेली असती तर बरं, असं सुदिक एकदा मनात आलं. तिसऱ्या दिवशी हे जिन्यात आले, चल म्हणाले न्हाईत, रागावले न्हाईत. नुसतं म्हणाले, "ती तुझा आवाज शोधती. कोण बी बोललं की तिकडं मान करती, मग सोडून देती." तवा म्या उठले.

सत्यभामेला हे सगळं नंदीच्या पुढ्यात सांगितलं. तिच्यापासून बी लपवायचं न्हाय असं ठरवूनच बोलले. म्हणलं, "बाई, पोरीनं मला वळखलं. म्याच तिला दोन दिस वळखलं न्हाय. तसं तुमाला बी व्हईल. झालं तर भिऊ नका, ते जातं."

कस्तुराबाई दारातनं ऐकत व्हती, तिनं मधी तोंड घातलं न्हाय. मग सत्यभामेनं तिचं पोर उचलून माझ्या हातात दिलं नि आत गेली. सासू बघत राहिली. म्या पोर घेऊन लिंबाखाली उभी. पोर जड हाय, चांगलं पोसलंय. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणला, आधी नंदीला दिला, मग मला. म्हणाली, "ह्यांना शेतावरनं बोलावते. उद्या निघतो."

परत येताना एस्टीत नंदी खिडकीला बसली. येडशीच्या पुढं आल्यावर तिनं विचारलं, "आई, तू खरंच दोन दिस आली न्हाईस?" म्या व्हय म्हणलं. ती खिडकीतनं बघत राहिली. घर येईपर्यंत तिनं माझा हात धरला न्हाय. जेवायला बसल्यावर मात्र रोजच्यागत माझ्याच ताटात जेवली.

तुमच्यापासून एवढी वर्षं लपवलं. जे वाटेल ते लिवा.

चांगुणा


मुंबई,
ता. २१ फेब्रुवारी १९८०

चि. चांगू,
अनेक आशीर्वाद.

अणदूरची माणसं तुझ्या पत्राच्या आधी इथं पोचली होती. कस्तुराबाईसुद्धा आली. गेल्या सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, कडेचं हाडही स्वच्छ आहे. कडेच्या कापांच्या काचा मी लावल्या आणि मॅडमनी दोनदा बघितल्या. आता वर्षभर वाट बघायची.

तू लिहिलंस त्यावर मला काय वाटलं ते सांगतो. मी त्याच दिवसांत दोनदा त्या जिन्यावरून गेलो. तुझ्या कपाळाला हात लावला, अंग गार लागलं, तरी मी मनाशी ताप उतरला असंच म्हणालो. मला दुसरं काही समजून घ्यायचं नव्हतं. तुला तिथं एकटं बसू दिलं. तुझ्याजवळ बसायचं तेवढं माझ्याकडून राहिलं, चांगू.

पोराला वॉर्डात आणलं तेव्हा मी मुद्दाम तिथं थांबलो होतो. तेच सगळं होतं, सूज, नळी, बोळा. बलभीमनं मान फिरवली. सत्यभामा खाटेजवळ आली आणि थबकली. मागं सरकली. भिंतीला टेकून उभी राहिली. सिस्टर तिला बाहेर न्यायला लागली, तेव्हा तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "येरमाळ्याच्या बाईनं सांगितलंय मला. थोडं थांबा."

पाऊण तास ती तशीच भिंतीला टेकून होती. मग ती आली, स्टुलावर बसली आणि पोराच्या पायाचा तळवा हातात धरून त्याच्याशी बोलू लागली. पोरानं डोळे उघडले नाहीत, मान मात्र तिच्याकडं केली.

तुझा,
मच्छिंद्र